झोप कायद्यात आहे

संपादकांना गोव्याच्या खाणपट्ट्यातलं काहीतरी थरारक हवं होतं. माझ्याकडे झोपेखेरीज दुसरा विषय नाही.

मी कामगार खात्यात निरीक्षक होते. नोकरीची शेवटची वर्षं डिचोलीत गेली आणि तिथे माझं मुख्य काम म्हणजे रस्त्याकडेला उभं राहून अनोळखी पुरुषांना विचारायचं, "काल किती झोपलात?" माझं सासर मांद्र्याचं. सुनेची नोकरी कसली असं कोणी विचारलं की सासूबाई "ऑफिसात असते" एवढंच सांगून विषय माशांवर नेत. ट्रकवाल्यांना मात्र लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझं नाव 'न्हिदेची बाय' ठेवलं. न्हीद म्हणजे झोप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला. पुढे पुढे फोनवर मीच ते नाव सांगायला लागले, कारण माझं खरं नाव कोणाच्या लक्षात राहत नसे.

ज्यांचा ट्रकांशी संबंध नाही त्यांच्यासाठी नियम सांगते. ट्रक चालवणाऱ्या नोकराला सलग पाच तासांवर काम देता येत नाही. पाच तास झाले की निदान अर्धा तास विश्रांती. दिवसाचं काम आठ तासांचं आणि आठवड्याला एक सुट्टी. एवढंच. वाचायला एक मिनिट लागतं आणि पाळायला आजवर कोणाला जमलेलं नाही. कारण साधं आहे. ट्रकवाल्याला पगार तासांवर नसतो, खेपांवर असतो. मालकालाही खाणीकडून मिळतं ते खेपांवर. त्यामुळे झोपणारा माणूस हा दोघांच्याही दृष्टीने चोर.

त्यात हा कायदा लागू व्हायला मालकाकडे पाच तरी कामगार लागतात. म्हणून आमच्या भागात ट्रक घरातल्या माणसांत वाटलेले असायचे. दोन बायकोच्या नावावर, दोन भावाच्या, दोन सासूच्या. मी एका सासूबाईंना भेटायला गेले होते. त्यांना पायरी उतरवत नव्हती आणि आपण वाहतूक व्यावसायिक आहोत हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, "मग माका बसवन देवळात तरी व्हरा म्हणां गो ह्यांका." ट्रक असून कोणी देवळात नेत नाही ही त्यांची तक्रार होती. ती माझ्या कक्षेत येत नव्हती.

दमलेला ट्रकवाला ओळखायला शिकायला मला वेळ लागला. जांभई ही खूण नव्हे. जांभई ताज्या माणसालाही येते. दमलेला माणूस केबिनमधून खाली उतरला की दार सोडत नाही. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर देतो, पण जरा उशिरा देतो, जणू प्रश्न लांबून आला आहे. आणि उत्तर एकच: "भरपूर झोपलो." ज्याने खरंच झोप काढलेली असते तो असं म्हणत नाही. तो म्हणतो, "तुम्हाला काय करायचंय?"

मध्ये बंदी येऊन खाणी बंद पडल्या. तो काळ सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी लिहीत नाही. ट्रक अंगणांत उभे राहिले, चाकांतून वेली वर चढल्या. आमच्या खात्याच्या दृष्टीने त्या काळात नियमांचं पालन पूर्ण झालं. एकही ट्रकवाला पाच तासांवर गाडी चालवत नव्हता. लोक उपाशी होते, ती वेगळी बाब.

खाणी हळूहळू परत सुरू झाल्या आणि डिचोलीत जीव आला. ह्याच वेळी माझी दामूबाबांशी गाठ पडली. दामूबाब हे आमच्या गोष्टीतले मालक. साठीचे, पांढरा शर्ट, कपाळाला चंदन, गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. सगळ्या नातेवाइकांच्या नावावरचे धरून सात-आठ ट्रक. बंदीच्या काळात त्यांनी ते विकले नाहीत. रोज सकाळी एकेक गाडी चालू करून थोडा वेळ घरघरू द्यायचे आणि परत बंद करायचे, जशी म्हातारी माणसं गुडघे हलवून बघतात. मुलगा कंटाळून जहाजावर नोकरीला गेला होता. असा माणूस मला वाईट कधीच वाटला नाही, आणि माझं काम त्यामुळे कठीण झालं.

मी पहिल्यांदा नियमाची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी मला बसायला कदेल दिलं, सोलकढी दिली आणि म्हणाले, "बाय, इतकी वर्सां आमी न्हिदूनच काडली. आता आनी कसली विश्रांती?"

मी सोलकढी संपवली आणि नियमाचा छापील कागद टेबलावर ठेवून निघाले.

हंगामाच्या सुरुवातीला खात्याने एक जागृती कार्यक्रम ठेवला. देवळाच्या सभामंडपात पन्नासेक ट्रकवाले खाली बसले आणि मी त्यांना पाच तासांचा नियम समजावून सांगितला. मागच्या बाजूला भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, मांडलेले होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष एका ठिकाणी होतं, फक्त ते ठिकाण मी नव्हते. एक माणूस तेवढा पुढे बसून ऐकत होता. उंच, काळसर, पन्नाशीला आलेला. त्याने हात वर केला.

"म्याडम, पाच तास झालं आणि गाडी लावाय जागा नसली तर?"

मी सरकारी माणसाने द्यावं तसं उत्तर दिलं. "नियमात जागेचा उल्लेख नाही."

"म्हंजी कुठंबी?"

"विश्रांती मिळाली पाहिजे, एवढं नियम म्हणतो."

त्याने मान हलवली. बाकीचे उंड्यांकडे गेले. हा परशराम. चंदगड तालुक्यातला, दामूबाबांच्या गाडीवर नुकताच लागलेला.

तीन-चार दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास दामूबाबांचा फोन आला. "बाय, तुमचो मनीस भर रस्त्यार न्हिदलो."

"माझा माणूस?" मला आधी नवरा आठवला. तो दुपारी झोपतो, पण रस्त्यावर नाही.

स्कूटर काढून गेले. खाणीकडून नदीवरच्या धक्क्याकडे जाणारा तो रस्ता एका गावातून जातो आणि गावात तो जेमतेम एका ट्रकाचा आहे. मला पहिला ट्रक दिसला तिथून शेवटच्या ट्रकापर्यंत स्कूटरवर जायला बराच वेळ लागला. सगळे हॉर्न वाजवत होते. रांगेच्या तोंडाशी परशरामचा ट्रक उभा होता, मागच्या चाकांना व्यवस्थित दगड लावलेले. आणि शेजारच्या घराच्या सोप्यावर, म्हणजे दारासमोरच्या दगडी कट्ट्यावर, चटई अंथरून परशराम डाव्या कुशीवर झोपला होता.

त्याच्या उशाशी हातात झाडू घेऊन त्या घरची कुसुमवहिनी उभी होती. हिचं घर रस्त्याला लागून. ट्रकांच्या लाल धुळीने तिच्या तांदळाला, कपड्यांना आणि खिडक्यांच्या काचांना एकच रंग आणला होता. ट्रकांविरुद्धच्या मोर्चात ती कायम पुढे असे. ती मालकाच्या माणसांना झाडू दाखवून म्हणत होती, "खबरदार कोणी हात लावल्यान तर. माज्या सोप्यार न्हिदलेल्याक कोण उठवता तां बघतंय."

चटई तिनेच दिली होती. एवढ्या वर्षांत तिच्या दारात आपणहून थांबलेला हा पहिलाच ट्रक होता.

वाहतूक पोलीस घामाघूम झाला होता. मला बघून त्याला देव भेटल्यासारखं झालं. "बाय, बरं झालं आलात. उठवा त्याला."

दामूबाब हात जोडून म्हणाले, "बाय, तुमचां तो ऐकतलो."

मी घड्याळ पाहिलं. परशरामचा अर्धा तास व्हायला अजून थोडा वेळ होता. नोकरीत मी पाच तासांचा नियम किती लोकांना सांगितला असेल त्याची गणती नाही, आणि तो पाळताना मी हा एकच माणूस पाहिला होता. त्याला उठवून 'नियम मोड' असं सांगणारी निरीक्षक मी होणार होते. मी पोलिसाला म्हटलं, "त्याची वेळ व्हायची आहे."

"आणि रांग?"

"रांगेतल्यांनाही जरा विश्रांती."

मी सोप्याच्या कडेला बसले. दामूबाब रस्त्याच्या मधोमध बसले. वेळ झाली तसा परशराम गजर लावल्यासारखा उठला, चटई घडी करून कुसुमवहिनीच्या हातात दिली, मला नमस्कार केला, दगड काढले आणि ट्रक घेऊन गेला. मागून जाणारा प्रत्येक ट्रकवाला खिडकीतून मान काढून एकेक शब्द बोलून गेला. ते शब्द दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

संध्याकाळी मी त्याला ऑफिसात बोलावलं. म्हटलं, "रस्ता अडवायला मी सांगितलं नव्हतं."

"जागा न्हवती म्याडम. तुमीच सांगितलं न्हवं, जागेचा उल्लेख न्हाई."

"आधी कधी असा थांबायचास?"

"न्हाई."

"मग आताच का?"

मग त्याने धाकट्या भावाचं सांगितलं. भावाचं नाव मारुती. तो एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गाडीवर नोकरीला होता, बेळगावहून म्हापशाला भाजी आणायचा. एका सकाळी, लख्ख उजेडात, चोर्ल्याच्या घाटात वळण आलं तेव्हा मारुती वळला नाही. गाडी सरळ गेली. खाली कोबी विखुरलेला कितीतरी दिवस दिसत होता म्हणे.

"समद्यांनी म्हटलं, प्याला हुता. पीत न्हवता ओ त्यो. तीन दिस गाडीवर हुता सारखा. झोपला आसंल. पर झोपला म्हटलं की लोकांस्नी पटत न्हाई. प्याला म्हटलं की लगीच पटतंय. मला वाटायचं, झोप म्हंजी आपला आळस हाय. आपली चूक. त्या दिवशी देवळात तुमी बोलला तवा पहिल्यांदा कळलं. झोप कायद्यात हाय."

त्याला रस्त्यात पुन्हा थांबू नकोस म्हणून सांगितलं आणि जागेचं बघते म्हणाले.

जागा कुसुमवहिनीने दिली. घराच्या पलीकडे तिचं भात मळायचं खळं होतं, रस्त्याला लागून, चिऱ्याच्या बुटक्या भिंतीआड. एक ट्रक आत सहज मावत होता. नवऱ्याला ते अजिबात पसंत नव्हतं. ज्यांच्याविरुद्ध मोर्चे काढले त्यांना अंथरूण कसलं घालायचं, असं त्याचं म्हणणं होतं. ती त्याला म्हणाली, "जागो ट्रकवालो घरासमोरसून जाता तेच्यापरास न्हिदलेलो बरो." तिच्या अटी दोन. हॉर्न वाजवायचा नाही आणि चहा मागायचा नाही. मी म्हटलं, चहा विकलास तर चार पैसे मिळतील. ती म्हणाली, "चाय पिलो तर न्हीद कशी येतली?" नियमाचा एवढा नेमका अर्थ आमच्या खात्यात कोणी लावला नव्हता.

परशराम तिथे झोपू लागला. सुरुवातीला बाकीचे त्याला हसले. मग एक-दोघे थांबू लागले, मग पाळी लागू लागली. दामूबाबांनी हे काही दिवस सोसलं. मग एक दिवस परशराम कामावर गेला तर गाडीवर दुसराच माणूस.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. दामूबाबांना विचारलं, "ह्याला का काढलंत?"

"काडूंक ना. विश्रांती मागतालो, दिली."

मी म्हटलं, ही कायद्यातली विश्रांती नव्हे. ते म्हणाले, कायद्यात जास्तीत जास्त किती द्यायची ते लिहिलेलं नाही. ते बरोबर होतं. मी नोटीस दिली, त्यांनी वकील दिला आणि तारखा पडू लागल्या. परशराम एका वाळूवाल्याकडे बदली म्हणून जाऊ लागला. खळ्यात थांबणारे इतर ट्रकवाले घाबरून थांबेनासे झाले. कुसुमवहिनीने तिथे परत मिरच्या वाळत घातल्या.

मधल्या काळात दामूबाबांच्या गाडीवरचा नवा माणूस दुसऱ्या मालकाने पळवला. खाणी सुरू झाल्यावर ट्रकवाले मिळेनासे झाले होते. दामूबाब चिडले. तरुणपणी त्यांनी स्वतः ट्रक चालवला होता. "पाच तास, पाच तास! आमी दिसभर चलयताले. कोण मेलो?" असं म्हणून ते पांढऱ्या शर्टासकट गाडीवर चढले. पहाटे निघाले ते दुपारपर्यंत उतरले नाहीत. दुपारी वजनकाट्याजवळ उभ्याउभ्याच शीत-कडी जेवले आणि परत चढले.

गोव्यात दुपारी झोप घ्यायला कायदा लागत नाही. एक वाजला की बाजार बंद होतो, वकील झोपतात, डॉक्टर झोपतात, कुत्री देवळाच्या पायऱ्यांवर झोपतात. त्या झोपलेल्या मुलखातून फक्त ट्रक जागे असतात. त्या दुपारी एक ट्रक तेवढा जागा नव्हता. कुसुमवहिनीच्या घराच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळतो. दामूबाब वळले नाहीत. ट्रक चिऱ्याची भिंत पाडून सरळ खळ्यात शिरला, मिरच्यांवरून गेला आणि पलीकडच्या आंब्याला टेकून थांबला. परशरामची चटई जिथे पसरायची, ती जागा चाकांखाली गेली.

विश्रांतीच्या जागेत त्या वेळी कोणी विश्रांती घेत नव्हतं, म्हणून कोणी मेलं नाही. हा मुद्दा नंतर दामूबाबांच्या वकिलाने माझ्याविरुद्ध वापरला.

कुसुमवहिनी आवाजाने उठून धावली. दामूबाबांचा पाय केबिनमध्ये अडकला होता. तिने आणि नवऱ्याने दार उचकटून त्यांना बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, "ब्रेक लागलो ना."

खाणपट्ट्यात सगळ्या अपघातांत ब्रेकच फेल होतात. ही एक रीत आहे. पण लोक हुशार असतात. ब्रेक गेला तर माणूस हॉर्न वाजवतो, ओरडतो, स्टिअरिंग फिरवतो. इथे काहीच झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत डिचोलीच्या बाजारात निकाल लागला. दामूबाब प्यालेले होते. दुसऱ्या दिवशी तर कोणत्या बारमध्ये बसले होते तेही लोक सांगू लागले.

मी त्यांना बघायला हॉस्पिटलात गेले. पाय वर टांगलेला, चंदन नाही, दाढी वाढलेली. बायको पदराने डोळे टिपत होती. ह्या माणसाने जन्मात फेणीचा थेंब घेतला नव्हता. देवस्थान समितीतल्या दोघांनी, प्रकृती बरी होईपर्यंत अध्यक्षपद दुसऱ्याकडे द्यावं असं फार प्रेमाने सुचवल्याचं तिने मला सांगितलं. दामूबाबांना पायापेक्षा ते जास्त दुखत होतं.

तेवढ्यात शहाळं घेऊन परशराम आला. मला बघून बिचकला, पण आत आला. शहाळं टेबलावर ठेवलं आणि पलंगाजवळ उभा राहिला. दामूबाबांनी तोंड फिरवलं.

"मालक, एक बोलू?"

परवानगीची वाट न बघता त्याने सांगून टाकलं.

"ब्रेक म्हणू नका. लोक ब्रेकाला दारू म्हणत्यात."

नर्स आली, ताप बघून गेली. मग दामूबाबांनी विचारलं, "तर काय म्हणू?"

"झालं त्ये म्हणा."

दामूबाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दावा चालू होता. मी त्यांच्या विरुद्ध बाजूची होते. मी काही लिहून घ्यायला आले नव्हते, नुसती बघायला आले होते, तसं मी त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "पोलिसांक सांगतंय ते तुमीय आयका. हांव न्हिदलेलो. सकाळसून चलयतालो, वळण दिसलां आनी मागीर काय दिसलां ना. न्हिदलेलो."

आणि एकदा बोलल्यावर ते थांबेनात. पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, समितीवाल्यांना बोलावून सांगितलं, शेजारच्या पलंगावरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं. झोप लागल्याचं इतक्या अभिमानाने सांगताना मी कोणाला पाहिलं नाही. अध्यक्षपद राहिलं. वकिलाने डोक्याला हात लावला.

मला वाटलं, आता खटला आपोआप सुटला. मालक स्वतःच सांगतो आहे की गाडी सलग चालवली. मी कायदा उघडून बसले. पण नियम नोकराला आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणारा मालक नोकर नव्हे. त्याने स्वतःला विश्रांती दिली नाही हा गुन्हा होत नाही. झोप कायद्यात आहे, पण मालकाची नाही. मी ते वरच्या साहेबांना कळवलं. त्यांनी "नोंद घेतली" असं उत्तर पाठवलं.

परशरामचा दावा मात्र तडजोडीत मिटला. दामूबाबांनी कुबड्या घेऊन ऑफिसात येऊन त्याला परत बोलावलं. परशरामने फक्त विचारलं, "पाच तास?" ते म्हणाले, "हय रे बाबा, पाच तास." कुसुमवहिनीची भिंत त्यांनी बांधून दिली. तिने ती आधीपेक्षा एक थर उंच घ्यायला लावली आणि मिरच्यांची भरपाई वेगळी वसूल केली.

ह्याहून जास्त काही मी डिचोलीत घडवलं असा माझा दावा नाही. आजही त्या रस्त्यावर बहुतेक ट्रकवाले "भरपूर झोपलो" असंच सांगतात. त्यांच्यापैकी काहींचे अपघात झाले, त्यांची नावं मला पाठ आहेत आणि ती मी इथे देत नाही.

मी निवृत्त झाले त्या आठवड्यात परशराम मांद्र्याला घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "म्याडम, मालकांचं नाव सुटलं. आमच्या मारुतीचं र्‍हायलंय." त्याला हवं होतं ते एवढंच: मी त्याच्या गावी यावं आणि मारुती झोपला होता असं चार माणसांत सांगावं. "माझं कोण ऐकत न्हाई. भाऊ हाय म्हणत्यात. तुमी सरकारी."

म्हटलं, मी आता सरकारी नाही. आणि जे मी तपासलेलं नाही ते मी सांगत नाही. उभ्या नोकरीत सांगितलं नाही.

"मग तपासा की," तो म्हणाला.

त्याच्या पुतण्याच्या गाडीतून आम्ही निघालो. चोर्ल्याचा घाट चढून वर गेल्यावर एक चहाची टपरी लागते. मारुती घाट उतरण्याआधी कायम तिथे थांबायचा. टपरीवाला म्हातारा झाला होता. मी त्याला मारुतीचं विचारलं, जसं इतकी वर्षं लोकांना विचारत आले तसं, आपल्याला काय हवं आहे ते न सांगता.

त्याला आठवत होतं. म्हणाला, "कोबीवाला. इसरंन कसा? चा दिला तर गलास हातात धरून झोपला, ह्या बाकड्यावर. चा सांडला पायावर तरी कळलं न्हाई. मी हलवला. म्हटलं, पड घटकाभर. तर म्हणाला, मार्केट उघडायच्या आत पोचायचंय."

"प्यालेला होता?"

"माझ्या टपरीवर पिलेला माणूस चा मागत न्हाई बाई, भांडण मागतोय."

मी त्याला तेच आणखी दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारलं. उत्तर बदललं नाही. परशराम गाडीपाशी पाठ करून उभा होता.

गावात त्याच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. मारुतीची बायको सुशीला उंबऱ्याशी बसली होती, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. एवढी वर्षं ती गावात दारुड्याची बायको म्हणून वावरली होती. तिच्या मुलीचं एक लग्न त्यावरून मोडलं होतं, हे मला येतानाच गाडीत कळलं. समोर खाटेवर गावचे एक वयस्क आप्पा बसले होते. मारुतीला आणला त्या दिवशी 'प्याला हुता' हे पहिल्यांदा बोलणारे तेच.

मी बसूनच सांगितलं. मी कोण, माझं काम काय होतं. तीन दिवस नीट न झोपलेल्या माणसाचं काय होतं. डोळे उघडे असतात आणि आत माणूस नसतो. टपरीवाल्याने काय पाहिलं. मारुती प्याला नव्हता, झोपला होता, आणि ती झोप त्याला मिळायला हवी होती, त्याचा तो हक्क होता, कायद्याने.

आप्पांनी हसून मान हलवली, ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी.

सुशीला उंबऱ्यावरून उठली. पहिल्यांदाच बोलली.

"म्याडम, जरा मोठ्यानं सांगा. आप्पांस्नी ऐकाय कमी येतंय."

मी उभी राहिले आणि पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.